डबादेवी

"आधी टीव्ही उचला," मी म्हणालो. "मग छपरावरची ती छत्री."

देवराम बांबळेंनी छपराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"छत्री काढली तर परत बसंल का, साहेब? मागं वाऱ्यानं हालली व्हती तर पंधरा दिस नुसत्या मुंग्या दिसत व्हत्या."

"बसवून देतो मी. दुपारपर्यंतचा तर प्रश्न आहे."

टीव्ही टेम्पोत गेला. त्याच्यामागे तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, गॅसची टाकी, मिक्सर, टेबलफॅन, नाशिकला कंपनीत असलेल्या मुलाची मोटरसायकल आणि भिंतीवरचं कॅलेंडर. कॅलेंडरवर लक्ष्मी होती, पण तिच्या पायाशी एका खतविक्रेत्याचे दोन फोन नंबर होते. काळाने स्पर्श न केलेल्या गावातल्या लक्ष्मीला फोन नंबर असणं बरं दिसलं नसतं.

'काळाने स्पर्श न केलेलं गाव' हे शब्द माझे नव्हते, देवस्थळी सरांचे होते. पुण्यातल्या 'मूळमाती जर्नीज' या कंपनीचे ते मालक. परदेशी पाहुण्यांना भारताचा निसर्ग आणि भारताची संस्कृती दाखवणं हे त्यांचं जीवनकार्य होतं, आणि ते एसी केबिनमधून करत. मी त्यांच्याकडे जर्मन बोलणारा गाईड होतो. निशिकांत सबनीस, वय एकतीस, जर्मनच्या सगळ्या परीक्षा पहिल्या वर्गात. २०१८ चा नोव्हेंबर होता. अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या धारेखाली, उंबरओहोळ नावाच्या पंचवीस घरांच्या पाड्याला काळाने बऱ्यापैकी स्पर्श केलेला होता, आणि तो पुसून काढायचं काम माझ्याकडे आलं होतं.

देवराममामांचं घर मी निवडलं ते ओसरीमुळे. शेणाने सारवलेली, कुडाची भिंत, शेजारी भाताची कणगी. मामांना मी सांगितलं होतं, "दोन तास पाहुणे येतील, तुम्ही नेहमीसारखं राहायचं." मामा म्हणाले होते, "नेहमीसारखं ऱ्हायचं तर सामान का काढायचं?" हा प्रश्न मी कामाच्या गडबडीत ऐकला नाही.

तेवढ्यात आतून मामांची सून बाहेर आली. अंगावर पांढरा एप्रन, खांद्यावर पट्ट्याने लटकवलेला निळ्या रंगाचा डबा. निळा म्हणजे असा निळा, की डोंगरापलीकडून दिसावा.

"हे काय?" मी विचारलं.

"लसीचा डबा. मी उपकेंद्रात नर्स आहे. एक वाजता वरच्या पाड्यावर सेशन आहे माझं, सतरा मुलं आहेत."

मंदा तिचं नाव. ती आमच्या कार्यक्रमात नव्हती. नवी नवरी म्हणून उखळात भात कांडायला मामांची पुतणी ठरली होती, तिच्याकडून मी दोनदा तालीमही करून घेतली होती. पण तिची कॉलेजची परीक्षा अचानक अलीकडे ओढून नेमकी त्याच दिवशी ठेवली गेली होती. काळाने स्पर्श न केलेल्या नववधूंचं हे असं असतं.

"मंदाताई," मी म्हणालो, "फक्त दोन तास. साडी आम्ही आणलीय."

तिने साडी पाहिली. भडक हिरवी, जरीचे मोर असलेली, सोबत पत्र्याच्या दागिन्यांचा पुडा. तिच्या सासूने, हौसाबाईंनी, तोंडाला पदर लावला.

"आमच्यात असलं कोन घालतंय?" त्या म्हणाल्या. "बैलाला घालीत्यात पोळ्याला."

"मामांनी शब्द दिलाय म्हणून बसते," मंदा म्हणाली. "साडेबाराला उठणार. आणि डबा कणगीमागे, सावलीत, माझ्या हाताशी राहू द्या. त्याच्यासोबतच्या पिशवीत, लसीची रिअ‍ॅक्शन आली तर द्यायची, इंजेक्शनं आहेत."

"काळजीच सोडा."

ती साडी नेसायला आत गेली. मी डबा कणगीमागे ठेवला आणि मोबाइलवर एक फोटो काढून पाहिला. मातीची भिंत, बांबूची कणगी, उखळ आणि मागून डोकावणारा निळा कोपरा. मी तो उजवीकडे सरकवला, तर तो डावीकडून दिसायला लागला. पिशवीवर तर सरकारी शिक्का होता. शेवटी मी दोन्ही उचलून टेम्पोत ठेवलं, अगदी सावलीत, मिक्सरच्या शेजारी. मग घरातल्या सगळ्यांचे मोबाइल गोळा केले, माझाही टाकला, आणि गफूरभाईंना टेम्पो टेकाडापलीकडे शाळेच्या पटांगणात नेऊन उभा करायला सांगितलं. मिनीबस पाहुण्यांना उतरवून डिझेल भरायला तालुक्याला जाणार होती. तिच्या ड्रायव्हरला सूचना होती, की जाताना पाहुण्यांचे मोबाइल टोपलीत घेऊन टेम्पोत ठेवायचे. त्याला आमच्या माहितीपत्रकात 'डिजिटल उपवास' म्हटलं होतं. लोकांना तो फार आवडायचा.

पाहुणे साडेदहाला आले. शेवटचा दीड किलोमीटर ते जंगलातून चालत आले, कारण तसं पत्रकात होतं. डांबरी रस्ता मामांच्या घरामागून तीनशे मीटरवर होता, पण तो पत्रकात नव्हता.

एकूण सहाजण, सगळे साठीच्या पुढचे. त्यातले डीटर आणि इंगे क्राउझे माझ्या लक्षात राहिले. बाकीचे चौघे मुख्यतः टोप्या होते. डीटर निवृत्त वनाधिकारी, सव्वासहा फूट उंच, झाडासमोर उभा राहिला की टोपी काढणारा. इंगे शाळेत भूगोल शिकवायची. दोघं पूर्व जर्मनीतल्या एका खेड्यातले, त्यामुळे शाळेत रशियन शिकलेले. इंग्रजी त्यांना यायचंच नाही. म्हणजे उंबरओहोळमधला प्रत्येक शब्द त्यांना माझ्या तोंडूनच मिळणार होता. गाईडसाठी याहून सुखाची परिस्थिती नाही.

डीटर घराशेजारच्या हिरड्यापाशी थांबला. "हे झाड?"

"काय ईचारतंय त्ये?" मामा म्हणाले.

"कसलं झाड म्हणून."

"हिरडा. सांगा की त्याला. बाळहिरडा वाळवून आम्ही इकतो. पोट साफ व्हतं."

मी डीटरला सांगितलं, "ते म्हणतात, या झाडात त्यांचे पूर्वज राहतात."

डीटरने टोपी काढली. मग वर पाहून फांद्यांवरचे वण दाखवले आणि विचारलं, की पूर्वजांना दरवर्षी असंच काठीने झोडपतात का. मी म्हणालो, तो एक विधी आहे. त्याने वहीत लिहून घेतलं.

ओसरीवर सगळे मांडी घालून बसले, म्हणजे बसायचा प्रयत्न करू लागले. मंदा उखळापाशी हिरव्या साडीत, मान खाली घालून मुसळ चालवत होती. मी तिची ओळख करून दिली: या घराची धाकटी सून, शाळेचं तोंड न पाहिलेली, या दरीच्या बाहेर कधी न गेलेली. मंदाने संगमनेरला राहून नर्सिंगचा कोर्स केला होता. पण तिला जर्मन येत नव्हतं, त्यामुळे कोणालाच अडचण आली नाही.

"माझंबी एक ईचारा," मामा म्हणाले. "त्यांच्याकडं सातबारा ऑनलाईन निघतो का?"

मी इंगेकडे वळलो. "ते विचारतात, तुमच्याकडची माती अजून तुमच्याशी बोलते का?"

इंगेचे डोळे भरून आले. ती मामांकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "नाही. कधीच बंद झाली."

"काय म्हन्ली?"

"निघत नाही म्हणतात."

"बगा," मामा समाधानाने म्हणाले. "तिकडंबी बोंबच हाय."

असं अर्धा-पाऊण तास चाललं, आणि मी खोटं नाही सांगत, मला स्वतःचा अभिमान वाटत होता. पुण्याला फोन करून सरांना सांगायची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवत होतो. त्याच वेळी डीटर उठला. त्याला पाखरं, किडे, वेली सगळ्यांत रस. ओसरीच्या टोकाला वळचणीखाली त्याला काहीतरी दिसलं होतं, आणि तो वाकून, कॅमेरा वर करून तिकडे निघाला.

"आवं, त्याला सांगा!" हौसाबाई आतून ओरडल्या. "तितं गांधीलमाश्यांचं पोळं हाय! जाऊ नको म्हनावं!"

डीटर थांबला. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "आजी काय म्हणतात?"

आता हे मी पुष्कळदा आठवून पाहिलंय. मला पोळं ऐकू आलं होतं. 'जाऊ नको' ऐकू आलं होतं. पण त्या क्षणी माझी जीभ अशी काही चालत होती, की खरं वाक्य तिच्यावर यायलाच तयार नव्हतं. शिवाय गांधीलमाश्या सगळीकडेच असतात, त्यात उंबरओहोळचं वेगळं काय?

"त्या म्हणतात," मी म्हणालो, "तिथे घरचा देव राहतो. जपून दर्शन घ्या."

डीटर हसला. त्याने टोपी काढली, आणि उघडं डोकं वळचणीखाली घातलं.

एकच माशी चावली, मानेवर. तो "ओह" म्हणाला, मान चोळत परत आला आणि खाली बसला. सगळे हसले. इंगे त्याला म्हणाली, की देवाने तुझी ओळख लक्षात ठेवली. हौसाबाई धावत आल्या आणि चावलेल्या जागी चुना लावू लागल्या. बाकीच्या चौघांनी आपापल्या कॅमेऱ्यांनी फोटो काढले.

पाच मिनिटं झाली असतील. डीटर हाताची बोटं उघडमीट करून बघत होता. दंडावर लाल गांधी उठल्या होत्या. मग त्याचे ओठ सुजून दिसायला लागले, म्हणजे आधी ते मिशीत दिसत नव्हते. तो काहीतरी म्हणाला आणि आवाज घोगरा आला, दाराच्या बिजागरीसारखा.

मुसळ खाली पडल्याचा आवाज झाला.

मंदा दोन ढांगांत त्याच्यापाशी आली. मनगट धरलं, खालची पापणी ओढून पाहिली, छातीला कान लावला. कपाळावरची पत्र्याची बिंदी तिने उपटून फेकली.

"आडवं करा. बसू देऊ नका. पाय वर घ्या, उखळावर ठेवा. सर, डबा द्या माझा."

मी कणगीकडे पाहिलं.

"डबा! पिशवी! कणगीमागे ठेवलाय ना?"

"टेम्पोत आहे," मी म्हणालो.

"कुठाय टेम्पो?"

"शाळेपाशी."

"फोन लावा."

"फोनपण टेम्पोतच."

तिने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं फार तर दोन सेकंदांचं असेल. मग तिने सगळ्या घरावर नजर फिरवली, जणू गाडी नाही, फोन नाही, डबा नाही हे पहिल्यांदाच तिच्या लक्षात येत होतं. घर खरोखरच शंभर वर्षांपूर्वीचं झालं होतं. मी काम चोख केलं होतं.

"पळा," ती म्हणाली.

मी पळालो. कंपनीने गाईडला धोतर आणि कोल्हापुरी चपला दिल्या होत्या. चपला ओढ्यातच सुटल्या. धोतर मी काखेत धरलं. मागून तिचा आवाज टेकाडाच्या निम्म्यापर्यंत येत होता, "डबा! आधी डबा आणा! डबा!" आणि मला आठवतंय, की चढावर दम लागून मी एकदा थांबलोसुद्धा. गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

गफूरभाई टेम्पोत टीव्हीला टेकून झोपले होते. मी त्यांना हलवलं, मिक्सरशेजारचा डबा आणि पिशवी मांडीवर घेतली, माझा मोबाइल कमरेला खोचला, आणि आम्ही डांबरी रस्त्याने घरामागे आलो. तिथून मी अनवाणी धावलो.

डीटरचा चेहरा राखेसारखा झाला होता. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि मध्येच येत नव्हता. इंगे त्याचं डोकं धरून त्याला नावाने हाका मारत होती. मंदाने पिशवी माझ्या हातातून हिसकावली. काचेची कुपी फोडली, सुईत औषध ओढलं आणि पँटवरूनच त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं. हिरव्या जरीच्या मोरांवर घामाचे डाग पडले होते.  मी निळा डबा पोटाशी धरून उभा होतो.

"१०८ ला फोन लावा," ती डीटरच्या छातीवरून नजर न काढता म्हणाली. "ड्रायव्हरला म्हणावं, मंदा सिस्टर बोलवतेय. आणि डॉक्टरांना द्या मला."

फोनवर डॉक्टरांशी बोलून तिने थोड्या वेळाने दुसरं इंजेक्शन दिलं. ॲम्ब्युलन्स चाळीस मिनिटांनी आली. तोपर्यंत डीटरच्या श्वासातली शिट्टी कमी होत होत थांबली होती, आणि त्याने पाणी मागितलं होतं. मंदा त्याच साडीत ॲम्ब्युलन्समध्ये चढली. चढताना ती मामांना म्हणाली, "वरच्या पाड्यावर निरोप धाडा, मामा. आज लस नाही म्हणावं. उन्हात बसून राहतील बायका."

संध्याकाळी चार वाजता तालुक्याच्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात इंगे माझ्याशेजारी येऊन बसली. डीटर धोक्याबाहेर होता. मंदा आत डॉक्टरांना काय-काय दिलं ते लिहून देत होती. इंगेने माझा हात हातात घेतला.

"त्या मुलीला हे कसं येतं?"

"सरकार खेड्यांतल्या बायकांना थोडंफार शिकवतं," मी म्हणालो.

"आणि औषध?"

"आमच्या गाडीत असतं. कंपनीचा नियम आहे."

"तुम्ही पळालात. अनवाणी. मी पाहिलं." तिने माझ्या पायांकडे पाहिलं. बोटांतून रक्त आलं होतं, आणि ते या सगळ्यातलं एकमेव अस्सल होतं. "एक विचारू? ती सारखी एकच शब्द ओरडत होती. तुम्ही दिसेनासे झालात तरी ओरडत होती. डबा, डबा. डबा म्हणजे काय?"

मला पूर्ण एक मिनिट मिळालं होतं. जर्मनमध्ये डब्याला किमान चार शब्द आहेत, मला चारही येत होते.

"त्या दरीची देवी," मी म्हणालो. "संकटात तिचा धावा करतात."

इंगेने डोळे मिटले. "डबा," ती पुटपुटली, आणि हात जोडले.

मंदा दारात उभी होती. तिला काही कळलं नाही. तिने फक्त विचारलं, "डबा डबा काय म्हणतात त्या?"

"तुमचे आभार मानतायत," मी म्हणालो.

पुण्याला गेल्यावर सरांनी मला मिठी मारली. काही महिन्यांनी इंगेने तिकडे एका प्रवास-मासिकात लेख लिहिला, त्यात मी होतो, कंपनीची सुसज्ज गाडी होती आणि दरीची रक्षक देवी होती. मंदा 'एक आदिवासी तरुणी' म्हणून एका वाक्यात होती. सरांनी लेख फ्रेम करून केबिनमध्ये लावला. माहितीपत्रकात 'सुरक्षिततेला प्रथम प्राधान्य' अशी ओळ वाढली. मला मुख्य गाईड केलं.

पुढच्या वर्षी जुलैमध्ये सरांनी मला बोलावलं. "क्राउझे परत येतायत. नोव्हेंबरात. देवीला घंटा अर्पण करायचीय म्हणे त्यांना. त्यांच्या गावच्या कारखान्यात खास ओतून घेतलीय."

"सर, देवी नाहीये."

"नाहीये म्हणजे? मासिकात छापून आलीय." त्यांनी फ्रेममधल्या लेखाकडे बोट दाखवलं. "निशिकांत, एक दगड, थोडा शेंदूर. एवढ्याने कोणाचं वाईट होतं? उलट गावाला एक स्थळ मिळेल."

दगड मीच निवडला. हेही सांगून टाकलेलं बरं. शाळेमागच्या उंबराखाली ठेवला, शेंदूर लावला, दोन लिंबं वाहिली. देवराममामा कुंपणाला टेकून बघत होते.

"कोन देवी म्हनायची ही?"

"डबादेवी."

मामा हसले नाहीत. "आमच्या देवांची गर्दी काय कमी व्हती का, साहेब? एवडं आमाला न ईचारता आनून बसवली ती."

नोव्हेंबरात क्राउझे आले, दोघंच. डीटर आता खिशात ॲलर्जीच्या इंजेक्शनचं पेन ठेवायचा. घंटा पितळेची, नारळाएवढी, त्यावर रोमन अक्षरांत 'डबा' कोरलेलं. आम्ही शाळेच्या पटांगणातून उंबराकडे निघालो, आणि व्हरांड्यात मंदा होती. निळा डबा टेबलावर, समोर बायकांची रांग, कडेवर मुलं. लसीकरणाचा दिवस होता. मला तो आधी विचारून टाळता आला असता. मी विचारलं नव्हतं.

डीटर तिला पाहून थांबला. मग सरळ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, टोपी काढली, आणि घंटा दोन्ही हातांत धरून बोलू लागला. मी ऐकत होतो.

"काय म्हणतायत?" मंदाने विचारलं. तिच्या एका हातात सुई होती.

"आभार मानतायत. घंटा आणलीय त्यांनी."

"कोणाला?"

मी उंबराकडे पाहिलं. पण मामा मागून आले होते. ते म्हणाले, "तुज्या डब्याची देवी क्येलीय ह्यांनी, पोरी. तितं शेंदूर लावून बसवलीय उंबराखाली. तू वरडत व्हतीस ना डबा डबा, त्ये देवीचं नाव म्हून सांगितलं ह्यांनी."

मंदाने सुई ट्रेमध्ये ठेवली. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीला हसू फुटलं आणि तिने मुलाच्या टोपड्यात तोंड लपवलं. मंदा मात्र हसत नव्हती.

"सर," ती म्हणाली, "सांगा त्यांना."

"मंदाताई, आता एवढ्या लांबून आलेत..."

"सांगा. मला जर्मन येत नाही. नाहीतर मीच सांगितलं असतं, तुम्हाला त्रास दिला नसता."

इंगे आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. "ती काय म्हणते?"

आणि मी सांगायला लागलो. आधी डबा म्हणजे काय ते. मग तो कोणाचा होता, कुठे होता, आणि तिथे कोणी आणि कशासाठी नेऊन ठेवला होता. फोटोत येत होता म्हणून, हे सांगताना मला वाटलं जर्मनमध्ये तरी ते जरा बरं वाटेल. वाटलं नाही. मग गाडीतलं औषध कंपनीचं नव्हतं ते. मग आजी काय ओरडल्या होत्या, आणि मी काय सांगितलं होतं. हिरड्यातले पूर्वज राहिलेच होते, पण तेव्हा डीटरने हात वर करून मला थांबवलं.

इंगेने घंटा त्याच्या हातातून घेतली आणि जमिनीवर ठेवली.

"किती मिनिटं?" त्याने विचारलं.

मी मंदाला विचारलं.

"सतरा," ती म्हणाली. "घरात घड्याळ नव्हतं. यांची नाडी धरली होती, यांच्याच मनगटावरच्या घड्याळात बघत होते. आम्हाला शिकवलंय, पहिल्या पाचात द्यायचं. बारा मिनिटं मला वाटत होतं, हा माणूस माझ्या हातात जाणार."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. माझं जर्मन कोरं, पाठ्यपुस्तकातलं झालं होतं; कुठेही पदरचं काही लावायला उरलं नव्हतं.

"खरं सांगताय ना?" मंदाने मला विचारलं.

"हो."

"वाटतंय. चेहरे पडलेत त्यांचे."

"ती घंटा शाळेला द्या म्हनावं," मामा म्हणाले. "शाळंची तडकलीय कवाची." मी हेही सांगितलं. इंगेने मान हलवली, पण तिचं लक्ष नव्हतं. तिने डीटरच्या दंडाला हात लावला आणि मला एक प्रश्न विचारला. साधा प्रश्न होता, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजेल असा.

"काय म्हणतात?" मंदाने विचारलं.

"विचारतायत," मी म्हणालो, "की या सगळ्याबद्दल तुमची माफी कोणी मागितली का."

मंदाने माझ्याकडे पाहिलं. वर्षापूर्वी ओसरीवर पाहिलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ.

"नाही म्हणून सांगा."

मी जर्मनमध्ये नाही म्हणालो. ते दोघं माझ्याकडे बघत राहिले.

जर्मनमध्ये माफी मागायची सात वाक्यं मला येतात. बस उशिरा आली, चहा थंड निघाला, खोलीत पाल दिसली, प्रत्येकासाठी वेगळं आणि तोंडात तयार असलेलं. मराठीत मी कामावर असताना कधी कोणाची माफी मागितली होती, ते मला आठवेना. रांगेतल्या बायका, कडेवरची मुलं, मामा, सगळे थांबले होते.

"चुकलं माझं, मंदाताई," मी म्हणालो.

तिने नवी सुई काढली, कुपी उजेडात धरून पाहिली.

"जरा बाजूला उभे राहा, सर," ती म्हणाली, "उजेड अडतोय." आणि रांगेकडे वळून तिने पुढच्या बाळाचं नाव पुकारलं.